कणगी कोणाची?

काळ्या माणसाच्या मुक्तिलढ्याचा इतिहास आपल्याकडे आला तो भाषणे, मोर्चे आणि कविता यांच्या वाटेने. १९७२ साली दलित पँथरने नाव घेतले तेही तिथल्या ब्लॅक पँथरांवरून. पण त्या लढ्यात नांगर धरणारा माणूसही होता, याकडे आपल्या समीक्षेचे फारसे लक्ष गेले नाही. मोनिका व्हाइट या समाजशास्त्रज्ञ बाईंचे 'फ्रीडम फार्मर्स' (२०१८) मी इथे दोडामार्गात वाचले. माझ्या मते ते शेतीवरचे पुस्तक नाहीच, ते बहिष्काराला दिलेल्या उत्तराचे पुस्तक आहे.

१९६२ साली मिसिसिपीत फॅनी लू हेमर मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्या आणि मळेवाल्याने अठरा वर्षांच्या चाकरीनंतर त्यांना मळ्यावरून हाकलले. त्याच सुमारास लेफ्लोर परगण्यात गरिबांना मिळणारे सरकारी धान्य बंद झाले. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही. पाणवठ्याला हात लावला की दुकान बंद, गिरणी बंद, मजुरी बंद! १९३० च्या स्टार्ट समितीच्या अहवालात या बहिष्काराची नोंद आहे, आणि बाबासाहेब त्या समितीचे सभासद होते. हेमरबाईंनी १९६९ साली सनफ्लॉवर परगण्यात ४० एकर जमीन घेऊन 'फ्रीडम फार्म' ही सहकारी शेती उभी केली. भाजीपाला गरजू घरांत जाई. डुकरांची 'बँक' होती : डुकरीण कुटुंबाला द्यायची, परतफेड पिलांतून घ्यायची. ज्याच्या घरात खायला आहे त्याला उपाशी मारण्याच्या धाकाने मतापासून रोखता येत नाही, एवढे साधे ते राजकारण.

आता या दृष्टीने आपले साहित्य पाहावे. दया पवारांच्या 'बलुतं'चे (१९७८) नावच गावाने हातावर ठेवलेल्या वाट्याचे आहे. ऊर्मिला पवारांच्या 'आयदान'मधल्या (२००३) आमच्या कोकणातल्या बाया लाकडांच्या मोळ्या, गवताचे भारे, आंबे डोक्यावर घेऊन रत्नागिरीच्या बाजाराची वाट तुडवतात. समीक्षकांनी त्या वाटेवरची वेदना मोजली. ओझे आपले आणि भाव दुसऱ्याचा, हे त्याच पानांतले अर्थशास्त्र मात्र बाजूला पडले. (वेदनेवर प्रबंध होतो, भावावर होत नाही!)

पुस्तकाशी माझा वाद एका ठिकाणी आहे. व्हाइट यांचा सगळा भर समूहाच्या जिद्दीवर. पण १९७० च्या दशकाच्या मध्यात पूर, अवर्षण आणि पैशाची चणचण यांपुढे 'फ्रीडम फार्म' टिकले नाही, आणि जमीन गेली. जिद्द होती, भांडवल आणि राज्यसत्ता पाठीशी नव्हती. बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये जमीन राज्याच्या मालकीची, कसणे सामूहिक आणि भांडवल राज्याचे अशी मांडणी केली, तिचे मोल इथे कळते.

तरी छोटे प्रयत्न क्षुल्लक मानू नयेत. तेलंगणात जहीराबादच्या आसपास डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित बायांच्या संघांनी पडीक जमिनी नांगराखाली आणल्या, कर्जाची फेड ज्वारीने केली, ती ज्वारी गावातच साठवली आणि अडचणीच्या दिवसांत गरीब घरांना स्वस्तात दिली. बियाणेही बायांच्याच घरी.

दोडामार्गात तांदूळ रेशनचा, भाजी बेळगावची. हाती पैसा येतो तो काजूबीचा. ती मे महिन्यातच घाईने व्यापाऱ्याला घालावी लागते, कारण पाऊस दाराशी येतो आणि वाडीवर पोती ठेवायला कोरडी जागा नसते.