चोवीस काड्यांचा कंदील

आपल्या पारंपरिक आकाशकंदिलाचा सांगाडा फार विचाराने रचलेला असतो. सारख्या लांबीच्या काड्यांचे सहा चौकोन करायचे. एक वर आडवा, एक खाली आडवा आणि मधले चार पतंगासारखे टोकावर उभे. कोपऱ्याला कोपरा बांधत गेले की चौकोनांच्या मधल्या जागा आपोआप त्रिकोणी होतात, चार वरच्या अंगाला, चार खालच्या. काड्या चोवीस, सांधे बारा. प्रत्येक सांध्यात चार टोके एकत्र येतात. नुसता सांगाडा हातात धरला तर तो लुळा असतो, दाबला तर मिटतोसुद्धा. चौकोनांवर कागद ताणून चिकटवला की मग तो ताठ उभा राहतो. बकमिन्स्टर फुलर या अमेरिकन वास्तुरचनाकाराने याच आकृतीच्या मिटण्या-उघडण्याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. आपल्याकडे चाळीतली मुले ती आकृती दर दिवाळीत बांधत होती.

तुमच्या परदेशातल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी मुंबईच्या सांताक्रूझहून काही लिहून पाठवा, असा निरोप आला, तेव्हा मला दुसरा विषय सुचलाच नाही. कारण हा कंदील आमच्या भागातून तुमच्याकडे गेला आणि तिथे तुम्ही तो ज्या निष्ठेने जपला आहे, त्याबद्दल कुणीतरी इथून लिहायला हवे होते.

वाकोला, प्रभात कॉलनी, गोळीबार, कलिना. सांताक्रूझ पूर्वेच्या या वस्त्यांत सहामाही परीक्षा संपली की गॅलरीत कंदिलाचे काम निघायचे. बुरुडाकडून बांबू चिरून आणायचा, त्याच्या कामट्या तासायच्या. कूस हाताला लागते म्हणून तासण्याचे काम मोठ्यांचे. मैद्याची खळ शिजवताना झुरळे लागू नयेत म्हणून कुणी त्यात चिमूटभर मोरचूद घालत, आणि मग ते भांडे लहानांच्या हाताला लागणार नाही असे ठेवत. चौकोनांना पतंगी कागद, कारण त्यातून उजेड झिरपतो. कडांच्या पट्ट्या, कोपऱ्यांवरच्या करंज्या आणि खालच्या झिरमिळ्या घोटीव कागदाच्या. झिरमिळ्या कापणे हे सगळ्यात धाकट्याचे काम, कारण तिथे कात्री थोडी वाकडी गेली तरी चालते. कामाची ही वाटणी कुणी ठरवून दिलेली नसे. पण पाच वर्षांच्या मुलापासून आजोबांपर्यंत प्रत्येकाच्या हाताला काम देणारी दुसरी घरगुती कला मला तरी माहीत नाही.

आमच्या डोक्यावरून दिवसभर विमाने जात. म्हणून चांदणीबरोबर विमानाच्या आकाराचा कंदीलही इकडे आवडीने होई. त्या विमानांतून माणसेही जाऊ लागली. अमेरिकेने १९६५ मध्ये स्थलांतराचा कायदा बदलला आणि आपल्याकडचे इंजिनियर, डॉक्टर तिकडे निघाले. सहारचे आंतरराष्ट्रीय टर्मिनल नंतरचे. साठ-सत्तरच्या दशकांत मुंबईहून विमानाने परदेशी जाणारा प्रत्येक जण सांताक्रूझ विमानतळावरूनच उडाला. पुढे १९८१ मध्ये उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ उभे राहिले. लंडनचे महाराष्ट्र मंडळ तर त्याच्याही आधीचे, १९३२ सालचे.

माझी मोठी नणंदही साठ-सत्तरच्या त्याच दशकांत तिकडे गेली. तिच्या पत्रांतून मला तिकडच्या कंदिलाचा इतिहास कळत गेला. कामट्या नाहीत, बुरूड नाही. मग झाडांना आधार द्यायच्या बारीक बांबूकाठ्या आणून त्या उभ्या चिरून पाहिल्या. पुढे कबाबाच्या लाकडी सळ्या सापडल्या. त्यांचे टोक मोडले की बारा इंचांच्या आतली सरळ, गुळगुळीत काडी मिळते. पतंगी कागदाच्या जागी भेटवस्तू गुंडाळायचा तलम कागद आला. तो अधिक नाजूक, खळीने भिजून फाटणारा, म्हणून चिकटवायला कोरडी गोंदकांडी. घोटीव कागदाच्या जागी ओरिगामीचा रंगीत कागद. बल्बची जागा बॅटरीवरच्या एलईडीने घेतली, आणि हा बदल मला मनापासून आवडतो. विजेचा बल्ब तापायचा, झिरमिळी त्याला टेकली तर काळजात धस्स व्हायचे. आता तसली भीती उरली नाही.

एक बदल मात्र मला पटत नाही. गरम गोंदाच्या बंदुकीने सांधे चटकन चिकटतात, म्हणून अनेक जण दोरा सोडून देतात. दोऱ्याचा सांधा बांधल्यावरही थोडा फिरवता येतो, कललेला कंदील सरळ करता येतो. गोंदाचा सांधा चुकला की चुकलाच. शिवाय दोऱ्याने बांधलेला सांगाडा मिटून बॅगेत बसतो. नणंद एकदा परत जाताना असाच मिटलेला सांगाडा साड्यांच्या घडीत ठेवून घेऊन गेली, विमानतळावर जाहीर केला आणि तिकडे पोचल्यावर कागद चढवला. ऑस्ट्रेलियात जाणाऱ्यांनी हे करण्याआधी तिथले नियम पाहावेत. लाकूड, बांबू, बिया याबाबत तो देश फार कडक आहे आणि ते बरोबरही आहे.

हवामानानेही कंदिलाला नवे वळण दिले. लंडनला नोव्हेंबरच्या सुरुवातीला साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे गेलेली असतात. मुले शाळेतून येतात तोवर कंदील लावायची वेळ झालेली असते. मेलबर्नला त्याच दिवसांत रात्री आठपर्यंत उजेड, त्यामुळे फराळ आधी आणि कंदील मागून. पाऊस-वाऱ्यात कागदी कंदील बाहेर टिकत नाही, म्हणून तो रस्त्याकडच्या खिडकीत आतून टांगतात. आपल्याकडे आकाशकंदील उंचावर टांगायचा. कार्तिकात आकाशदिवा लावण्याची जुनी रीत त्यामागे आहे. खिडकीतला कंदील तेवढा उंच नसतो, पण रस्त्याने जाणाऱ्याला तो नेमका नजरेसमोर दिसतो, आणि शेजारी दार वाजवून विचारतात की हे काय आहे. न्यूयॉर्क शहरातल्या सरकारी शाळांना दिवाळीची सुटी देणारा कायदा २०२३ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०२४ ला पहिली सुटी मिळाली. पण त्याच्या कितीतरी आधीपासून मराठी मुले हा कंदील वर्गात घेऊन जात होती, याचा मला फार अभिमान वाटतो.

हा कंदील जपण्याचे खरे श्रेय तुमच्याकडच्या मराठी शाळांना आणि इथून सहा महिन्यांसाठी तुमच्याकडे येणाऱ्या आज्यांना. दिवाळीआधीच्या एखाद्या रविवारी हॉलमध्ये टेबले मांडून, काड्या मोजून, प्रत्येक मुलापुढे चोवीस ठेवून हे काम चालते, तेव्हा मुलांशी मराठीत बोलावेच लागते. ‘घट्ट धर’, ‘सोडू नकोस’, ‘गाठ उलटी पडली’ हे दुसऱ्या भाषेत सांगायला आजीला वेळ नसतो.

इथली स्थिती स्पष्टच सांगते. आमच्या जुन्या चाळींच्या जागी टॉवर आले, गॅलऱ्या काचेने बंद झाल्या. प्लास्टिकचे घडीचे कंदील स्वस्त मिळतात आणि वर्षानुवर्षे माळ्यावरून काढून लावले जातात. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, त्यामुळे कागद-बांबूकडे लोक पुन्हा वळले, हे चांगले झाले. सांताक्रूझहून धिम्या गाडीने तिसरे स्टेशन माहीम. तिथल्या कंदील गल्लीत आजही हाताने बांधलेले कंदील ओळीने टांगलेले असतात. ज्यांना बांधायला जमत नाही त्यांनी निदान तिथून घ्यावा. पण विकत आणलेल्या कंदिलात घरातल्या कुणाचीच झिरमिळी नसते.

भेट द्यायची तर एक सुचवते. चार इंची काड्यांचा छोटा कंदील करावा, पण कागद लावून देऊ नये. बांधलेला सांगाडा, कापलेले कागद, झिरमिळ्यांची पट्टी आणि दोऱ्याचे रीळ असे पाकीट द्यावे. घेणाऱ्याच्या घरी एक संध्याकाळ कामाची होते.

मागच्या वर्षी नणंदेची नात सुटीत इथे आली होती. आमच्या इमारतीतल्या मुलांना तिने जिन्यात बसून हा कंदील शिकवला. बोलताना अडखळत होती, पण गाठ एकही चुकली नाही. यंदा त्यातली दोन मुले गणपतीनंतर लगेच माझ्या दाराशी आली. त्यांना कबाबाच्या सळ्या नको होत्या, खऱ्या कामट्या हव्या होत्या. बुरुडाचे जुने दुकान उठून गेले आहे. सध्या मी दुसरे शोधते आहे.