शेवटी आठवणारा ग्रंथपाल

आजचा विषय 'महाविद्यालयीन ग्रंथपाल आणि संशोधनाची कौशल्ये' असा छापला गेला आहे. तो जरा गुळगुळीत वाटतो, म्हणून आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे ग्रंथपालाची आठवण संशोधनाच्या शेवटी होते. त्याची खरी गरज असते सुरुवातीला. आजची टीका एवढ्या एकाच गोष्टीवर आहे.

शेवटी म्हणजे कधी? प्रबंध टाइप झालाय, बाइंडिंगला जायचाय, आणि मग ग्रंथालयात धाव घ्यायची: "सर, सिमिलॅरिटीचा रिपोर्ट काढून द्या." विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८चे वाङ्मयचौर्यविषयक नियम आहेत. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, त्यापुढे ४०, ६० आणि त्याहून वर अशा चढत्या पातळ्या. त्यामुळे पुढचा संवादही ठरलेला: "अठरा आलेत, दहाच्या आत कसे आणू?" मग शब्द फिरवण्याचा उद्योग सुरू होतो. वास्तविक, योग्य श्रेय देऊन घेतलेलं अवतरण या मोजणीत धरायचं नाही, असं त्याच नियमांत लिहिलेलं आहे. म्हणजे प्रश्न टक्क्यांचा नव्हताच. दुसऱ्याचं वाक्य कुठं संपतं आणि आपलं कुठं सुरू होतं, हे टिपणं काढतानाच कळायला हवं होतं. पण त्या वेळी ग्रंथपालाला विचारलं कुणी?

आता सुरुवात पाहू. समजा, एका विद्यार्थिनीनं विषय घेतला: 'ग्रामीण महिलांचे सक्षमीकरण'. हा विषय नाही, हा समुद्र आहे. तिला पहिल्या आठवड्यात एक जाणता ग्रंथपाल भेटला, तर तो पुस्तक काढून देण्याआधी विचारील: कोणता तालुका? कोणती वर्षं? सक्षमीकरण म्हणजे हातात पैसा, की घरात शब्दाला किंमत? यातून बचत गट, एक तालुका, दहा वर्षं असं काहीतरी हाताशी येतं. मग शोधशब्दांचं काम. 'बचत गट' दोन शब्दांत लिहिलं तर काही नोंदी सापडतात, जोडून 'बचतगट' लिहिलं तर वेगळ्या. इंग्रजीतलं साहित्य 'सेल्फ हेल्प ग्रुप' या नावाखाली, शिवाय 'मायक्रोफायनान्स'खालीही. 'शोधगंगा'वर आधीचे प्रबंध पाहायचे, ते उतरवून घ्यायला नव्हे, तर त्यांनी कोणता प्रश्न सोडून दिला हे हेरायला. हे कौशल्य आहे, आणि ते शिकवावं लागतं.

रट्गर्स विद्यापीठातल्या कॅरल कुल्थाऊ यांनी विद्यार्थी माहिती कशी शोधतात याचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यांचं निरीक्षण असं की विषय ठरल्यावर आधी उत्साह असतो, पण शोधाशोध सुरू झाली की गोंधळ आणि शंका वाढतात. नेमका रोख सापडला की आत्मविश्वास येतो. म्हणजे मदतीची वेळ मधल्या गोंधळाची. आणि आपल्याकडे ग्रंथालयाची ओळख कधी करून देतात? जुलैत, स्वागत समारंभाच्या दिवशी, दोनशे पोरांना एकदम, पाऊण तासात! तेव्हा कुणाकडेच प्रश्न नसतो. त्या पाऊण तासातही बरेचदा कोणत्या संकेतस्थळावर कुठलं बटण दाबायचं एवढंच सांगितलं जातं. बटणं दरवर्षी बदलतात. पारख शिकलेली असली तर टिकते.

पारखीची गरज प्राध्यापकांनाही तेवढीच आहे. इतकी वर्षं नियतकालिक चांगलं की भुरटं, हे आयोगाची 'केअर' यादी सांगत होती. २०२५च्या फेब्रुवारीत आयोगानं ती यादी बंद केल्याचं जाहीर केलं. आता जबाबदारी संस्थांवर आणि लेखकांवर. संपादक मंडळ खरं आहे का, लेख तज्ज्ञांकडून तपासला जातो का, आठ दिवसांत छापून देतो म्हणणारा पैसे कशाचे घेतो, हे कोण शिकवणार? त्यात चॅटजीपीटीसारखी साधनं अस्तित्वातच नसलेल्या लेखांचे संदर्भ छान नटवून देतात. असा संदर्भ घेऊन कुणी ग्रंथालयात आलं, तर "मिळत नाही" म्हणून परत पाठवणं ही अर्धी सेवा. तो का मिळत नाही आणि कसं ओळखायचं, हे सांगणं ही पुरी सेवा.

मग हे होत का नाही? आमच्या मते उत्तर मोजपट्टीत आहे. नॅकच्या निकषांत संशोधन तिसऱ्या क्रमांकाला आहे, आणि ग्रंथालय चौथ्या, पायाभूत सुविधांच्या निकषात. इमारती आणि संगणकांच्या पंगतीत! विचारणा होते ती संगणकीकरण, ग्रंथांवरचा खर्च, रोजचा वापर यांची. एखाद्या विद्यार्थिनीचा प्रश्न नीट झाला, याला रकाना नाही. रकाना नाही म्हणून वेळ नाही. ग्रंथपाल फायली भरत बसतो.

आणि तो काही कमी शिकलेला नाही. नेट-सेटची अट सहायक प्राध्यापकाला तशीच ग्रंथपालालाही. शि. रा. रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, त्याआधी ते गणित शिकवत होते. शिकवणं आणि ग्रंथ सांभाळणं यांत आपण घातलेली भिंत आपलीच आहे. मराठीपुरतं बोलायचं, तर शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची एकहाती केली. मराठीच्या किती एम.ए.च्या वर्गांत ती सूची हातात देऊन "यात शोधा" असं सांगितलं जातं?

नव्या चार वर्षांच्या पदवीत संशोधनाचा मार्ग घेणाऱ्याला १२ श्रेयांकांचा प्रकल्प आहे. आजवर जे पीएच.डी.ला चुकत होतं, ते आता विशीतल्या मुलांच्या वाट्याला येणार. म्हणून मागणं साधं आहे. प्रकल्पाचे विषय ठरतात त्या बैठकीत ग्रंथपालाला खुर्ची द्या. ग्रंथालयाचा तास जुलैतून काढून विषयनिवडीच्या आठवड्यात ठेवा, वीस-वीस जणांचा. आणि विद्यार्थ्यानं कुठं, कोणत्या शब्दांनी शोधलं, काय टाकून दिलं याची वही ठेवावी. तिला गुण द्या, आणि ती शिक्षक व ग्रंथपाल दोघांनी मिळून तपासा. यातल्या कशालाही नवी इमारत लागत नाही.