तत्रैव म्हणजे नेमके कुठे?

'मुळशी सत्याग्रह' या एकाच नावाची दोन पुस्तके माझ्या टेबलावर कायम असतात. एक वि. म. भुस्कुटे यांचे. ते स्वतः त्या लढ्यात उतरलेले कार्यकर्ते. दुसरे राजेंद्र व्होरा यांचे, १९९४ चे. ते राज्यशास्त्राचे अभ्यासक, लढ्याला सत्तरेक वर्षे झाल्यावर त्याचा मागोवा घेणारे. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ साली मुळशी पेट्यातले मावळे सेनापती बापटांबरोबर उभे राहिले, त्याविषयी लिहायचे तर दोन्ही पुस्तके लागतात. पण दोघांचे वजन वेगवेगळ्या तऱ्हेचे आहे. पहिल्यातले वाक्य ही साक्ष आहे, दुसऱ्यातले वाक्य हा निष्कर्ष. टिपेत नुसते 'मुळशी सत्याग्रह, पृ. अमुक' एवढेच छापले, तर यातले काय हाती आले हे वाचकाला कळायला मार्ग उरत नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्याच एका लेखाचे असे झाले. त्यात दहावी टीप व्होरांच्या पुस्तकाची होती, अकरावी भुस्कुट्यांच्या, आणि बारावीत मी लिहिले होते : 'तत्रैव'. जागेअभावी संपादनात एक परिच्छेद गेला, त्याच्याबरोबर अकरावी टीप गेली. पुढचे आकडे कोणीतरी नीट सरकवले. 'तत्रैव' मात्र होते तिथेच राहिले आणि आता व्होरांकडे बोट दाखवू लागले. एका कार्यकर्त्याची आठवण छापील पानावर संशोधकाचा निष्कर्ष होऊन बसली. पौडच्या एका निवृत्त शिक्षकांनी व्होरांचे ते पान उघडून पाहिले. तिथे तसे काहीच नव्हते. त्यांनी मला फोन करून शांतपणे विचारले, "हे तुम्ही मनाने लिहिले का हो?" त्या प्रश्नाला माझ्याकडे खुलासा होता, पण तो लेखाच्या वाचकांपर्यंत पोचणार नव्हता.

दोष जुळणी करणाऱ्याचा म्हणून मी मोकळा होऊ शकत नाही. 'तत्रैव' हा शब्द मी हाताने टंकला होता. तो शब्द स्वतः काहीच सांगत नाही, फक्त वरच्या ओळीकडे पाहा म्हणतो. वरची ओळ बदलली की तो खोटे बोलू लागतो. 'उनि', म्हणजे उपरिनिर्दिष्ट, याचेही तेच. एका लेखकाची दोन पुस्तके वापरली असतील, तर लेखकाच्या नावापुढचे 'उनि' कोणत्या पुस्तकाचे?

आपल्याकडे टिपेची शिस्त नव्हती असे नाही. भूगावहून चांदणी चौक ओलांडून पुण्यात शिरले की विधी महाविद्यालय रस्त्यावर भांडारकर संस्था आहे. तिथल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा पहिला भाग वि. सी. सुखटणकरांच्या संपादनाखाली १९२७ मध्ये निघाला. तिचे कोणतेही पान पाहावे. वर स्वीकारलेला पाठ, आणि त्याच पानाच्या तळाशी निरनिराळ्या हस्तलिखितांतले पाठभेद. जिथे संपादकाची खात्री कमी, तिथे अक्षरांखाली नागमोडी रेघ. आपण काय निवडले, काय सोडले आणि कुठे साशंक आहोत, हे सारे एका नजरेत. हे सगळे खिळे जुळवून छापलेले आहे. म्हणजे अडचण तंत्राची असती, तर ती तेव्हा आजच्यापेक्षा मोठी होती.

मग तळटीप पानाखालून पुस्तकाच्या शेवटी कधी गेली? माझ्या मते यात वाचकाच्या सोयीपेक्षा जुळणीच्या सोयीचा वाटा मोठा आहे. पेजमेकरमध्ये तळटिपा आपोआप सांभाळण्याची व्यवस्था नव्हती. प्रत्येक टीप वेगळ्या चौकटीत ठेवायची, आणि मजकूर चार ओळी सरकला की पुढच्या सगळ्या चौकटी हलवायच्या. इनडिझाइनमध्ये ही सोय २००५ साली आली, पण मराठीची जुळणी त्यानंतरही बरीच वर्षे जुन्या फॉन्टांसह पेजमेकरमध्येच होत राहिली. अशा स्थितीत डीटीपी करणाऱ्याने 'टिपा शेवटी घेऊ या का?' म्हटले तर नवल नाही. नवल याचे, की आपण त्या तडजोडीला पुढे तत्त्व बनवले. 'तळटिपांनी वाचनात अडथळा येतो' असे आता संपादकही म्हणतात. अडथळा येतोच. विधान पटण्याआधी क्षणभर थांबवणे हेच तिचे काम आहे. शेवटच्या पानावरची टीप कोणालाच थांबवत नाही, कारण तिथवर फार थोडे जातात.

त्या फोननंतर मी लाटेक शिकलो. कोणत्याही वर्गाला न जाता, अडखळत. त्यातली पद्धत सांगण्याजोगी आहे. प्रत्येक ग्रंथाची लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष ही नोंद एकदाच, वेगळ्या फाइलीत करायची आणि तिला एक खूण द्यायची. लेखात जिथे आधार हवा तिथे ती खूण आणि पृष्ठांक एवढेच लिहायचे. पहिल्या उल्लेखाला पूर्ण नोंद, नंतर संक्षेप, आणि लागोपाठ तोच ग्रंथ आला तर 'तत्रैव', हे यंत्र ठरवते. मधली टीप काढली तर 'तत्रैव' आपोआप जाऊन तिथे ग्रंथाचे नाव येते. पानावरची पहिलीच टीप असेल तर 'तत्रैव' छापू नये, अशीही सोय आहे. संक्षेपात नुसते शीर्षक न ठेवता लेखकाचे नाव ठेवायचे, म्हणजे भुस्कुटे आणि व्होरा एकमेकांत मिसळत नाहीत. देवनागरीसाठी दोन गोष्टी मात्र स्वतः पाहाव्या लागतात. टिपांचा टाइप लहान केला तरी ओळींमधले अंतर त्याच प्रमाणात आवळू नये, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतात. आणि टिपेचा आकडा शब्दाला खेटून न ठेवता विरामचिन्हानंतर ठेवावा, म्हणजे तो मात्रेवर किंवा रफारावर चढत नाही.

यंत्राने सत्य मात्र येत नाही. चुकीचा पृष्ठांक ते तितक्याच सुबकपणे छापते. न वाचलेल्या ग्रंथांची नावे टिपांत रचून विद्वत्ता दाखवणाऱ्यांची तर त्याने सोयच होते. पुस्तक उघडून पान पाहणे हे काम लेखकाचेच राहते.

तरीही मी आग्रह धरतो. विद्यापीठाचा शिक्का नसलेल्या माझ्यासारख्याच्या लेखावर वाचकाने विश्वास का ठेवावा? ठेवू नये. त्याने तपासावे. तेवढ्यासाठी पानाच्या तळाशी चार ओळींची जागा मिळावी, एवढीच दिवाळी अंकांच्या संपादकांकडे मागणी आहे. पौडच्या त्या शिक्षकांना मी पुढच्या लेखाची प्रत पाठवली, तेव्हा त्यांचा पुन्हा फोन आला. त्यांनी तीन टिपा ताडून पाहिल्या होत्या. दोन बरोबर होत्या, एकीत पृष्ठांक चुकला होता.