चिमणराव : पडद्यावरचे आणि पुस्तकातले

बडोदे कॉलेजात पाली शिकविणाऱ्या चिं. वि. जोशींनी चिमणराव जन्मास घातले. म्हणून ते आम्हा बडोदेकरांना घरचेच वाटतात. १९४० च्या ‘लग्न पहावं करून’ या चित्रपटात दामुअण्णा मालवणकरांनी, तर सत्तरच्या दशकात मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांनी ही भूमिका केली. बाळ कर्वे यांच्या धिप्पाड गुंड्याभाऊंशेजारी प्रभावळकरांचे भिडस्त, गोंधळलेले कारकून चिमणराव मला अत्यंत प्रिय आहेत. सरकारी नोकरीत असे चिमणराव मी पुष्कळ पाहिले, क्वचित स्वतःतही.

तथापि पुस्तकात चिमणराव आपली फजिती स्वतःच, गंभीरपणे सांगतात आणि त्या गांभीर्यातूनच हसू फुटते. पडद्यावर आपण त्यांना बाहेरून पाहतो. तेथे हा निवेदक हरवतो. चेहरा दूरदर्शनने दिला; आवाज मात्र नातवंडांना आपणच वाचून ऐकविला पाहिजे.