‘मेट्रोपोलिस’ : प्रतिमेचे सामर्थ्य आणि आशयाची मर्यादा

फ्रिट्झ लँग दिग्दर्शित ‘मेट्रोपोलिस’ हा विज्ञानकल्पनेवर आधारित मूकपट १० जानेवारी १९२७ रोजी बर्लिन येथे प्रथम प्रदर्शित झाला. त्याची पटकथा थेआ फॉन हार्बो यांची होती. पुढे त्या बेळगाव जिल्ह्यातील बेळगुंदीचे पत्रकार अयी तेंडुलकर यांच्याशी विवाहबद्ध झाल्या. वर मालकवर्गाची गगनचुंबी नगरी आणि खाली भूगर्भात राबणारे कामगार, ही या चित्रपटाची मूळ मांडणी होय.

उत्तरकालीन चित्रपटांनी ही दृश्यसृष्टी स्वीकारली. ‘स्टार वॉर्स’मधील (१९७७) सोनेरी यंत्रमानवाचे रूप मारियाच्या यंत्रप्रतिमेवरून घडले, तर ‘ब्लेड रनर’मधील (१९८२) महानगराचे मूळही येथेच आढळते. आरशाच्या साहाय्याने प्रतिकृती व नट एकाच चौकटीत आणणारे शुफ्टान तंत्र हिचकॉकने ‘ब्लॅकमेल’मध्ये (१९२९) योजले.

हा वारसा मात्र निवडक आहे. हृदयाच्या मध्यस्थीने मालक व कामगार हस्तांदोलन करतात, हा शेवट एच. जी. वेल्स यांनी १९२७ मध्येच टीकेचा विषय केला. लँग यांनाही तो पुढे पटेनासा झाला. १९२८ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी सुमारे सहा महिने संप केला. वेतन व रोजगाराचे असे प्रश्न केवळ सद्भावनेने सुटत नाहीत. २००८ मध्ये ब्युनोस आयर्स येथे गहाळ दृश्ये सापडल्याने कथानक सुसंगत झाले. शेवटाची दुर्बलता तशीच राहिली.

सारांश, ‘मेट्रोपोलिस’ टिकला तो त्याने सुचविलेल्या उत्तरामुळे नव्हे, तर दृश्यरूपात मांडलेल्या प्रश्नामुळे.