नाचणारीच्या कमाईचा हिशेब

नाचून पोट भरणाऱ्या बाईवरचं पुस्तक हाती आलं की मी त्यात आधी पैसा शोधते. तिच्यावर उधळलेल्या नोटांपैकी तिच्या हाती किती उरल्या, मालकाने किती कापल्या, घरातली किती तोंडं त्यावर जगली? लेखकाने हे विचारलंच नसेल, तर त्याने तिला गिऱ्हाइकाच्या खुर्चीतूनच पाहिलं, असं मी धरते. त्याची कणव कितीही खरी असली तरी.

सुकेतू मेहता यांच्या ‘मॅक्सिमम सिटी’तली (2004) मोनालिसा ही बारमधली नर्तकी लक्षात राहते, पण तिच्याहून जास्त लक्षात राहतं ते लेखकाचं भारावणं. सोनिया फलेरो यांचं ‘ब्यूटिफुल थिंग’ (2010) बरंच पुढचं. मीरा रोडची लीला त्यात आपल्या सरमिसळ बोलीत बढाया मारते, रडते, भांडते. लेखिका मागे सरून तिला बोलू देते. माझी तक्रार एवढीच, की प्रसंग कादंबरीसारखे इतके घोटीव होतात की लेखिकेने स्वतः पाहिलेलं कोणतं आणि ऐकलेलं कोणतं, हे कळेनासं होतं. सत्यकथेत हा भेद दिसायलाच हवा.

2005 साली राज्य सरकारने डान्सबारवर बंदी आणली. तीन तारांकित व त्यावरच्या हॉटेलांना आणि जिमखान्यांना मात्र त्यातून सूट होती. 2006 मध्ये उच्च न्यायालयाने ही बंदी रद्द केली, 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. बंदीच्या काळात एकच नाच एका छताखाली चालत होता आणि दुसऱ्या छताखाली गुन्हा ठरत होता, तो कोणाच्या पोटावर पाय देऊन? समीना दलवाई यांचं ‘बॅन्स अँड बार गर्ल्स’ (2019) या प्रश्नाचं उत्तर जातीत शोधतं. पिढ्यान्‌पिढ्या नाचगाण्यावर जगलेल्या जमातींच्या मुली बारमध्ये कशा आल्या, हे त्यातून उमगतं. शैली अभ्यासकाची आहे, वाचायला कष्ट पडतात, ते घ्यावेत.

मराठीत मात्र याआधीच नाचणाऱ्या बाईच्या एका मुलाने घरातला हिशेब मांडून ठेवला होता. किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ (1994) वाचताना अंगावर येते ती घरच्या पुरुषांची बसून खाण्याची रीत. बहिणी आणि लेकी नाचतात, त्यांच्या पैशावर घर चालतं, आणि मान मात्र घरात लग्न करून आलेल्या सुनेला. आई दुरावलेल्या लेकराने हे लिहिलंय, तरी तो आईला आरोपी करत नाही. या विषयावर इतकं निर्भीड पुस्तक मी दुसरं वाचलेलं नाही.

भूषण कोरगावकर यांच्या ‘संगीत बारी’त (2014) वेगळी श्रीमंती आहे. बैठकीच्या लावणीतली अदा, प्रेक्षकांची दौलतजादा, नाचाच्या पार्टीतल्या बायकांची आपापसातली थट्टा आणि चढाओढ त्यांनी जवळ बसून टिपली. या बायका इथे आधी कलावंत आहेत, आणि ते फार गरजेचं होतं. लेखकाचा त्यांच्यावर जीव जडल्यामुळे काही कडू प्रश्न तो हलक्या हाताने विचारतो, असं मला वाटतं. ती उणीव शैलजा पाईक यांचं ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ (2022) भरून काढतं. तमाशातल्या दलित स्त्रीला अश्लील कोण ठरवतं आणि का, हे त्या खोलात जाऊन तपासतात.

वैशाली हळदणकर यांनी ‘बारबाला’ हे आत्मकथन स्वतःच्या नावाने मराठीत लिहिलं. अशी आणखी पुस्तकं हवीत. प्रकाशकांनी बाहेरच्या लेखकाला पुढचा करार देण्याआधी फडात आणि बारमध्ये उभ्या राहिलेल्या बायकांकडे जावं, लिहिता येत नसेल तर त्या सांगतील ते लिहून घ्यावं, आणि मुखपृष्ठावर नाव व मानधन त्यांचंच ठेवावं.