'पक्षीय बलाबल' नावाचा तक्ता

मंडळी, आज ज्या मजकुराची समीक्षा करायची आहे, तो मजकूर म्हणून कुणी वाचतच नाही. महापालिकेचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात एक चौकट येते. वर 'पक्षीय बलाबल', खाली पक्षांची नावं, त्यांच्यासमोर आकडे, शेवटी 'अपक्ष व इतर'. चहा पिता पिता आपण ती बघतो आणि 'अमक्यांची सत्ता आली' म्हणून मोकळे होतो. माझी तक्रार अशी की हा तक्ता गोष्टीचा शेवट असल्यासारखा छापतात. गोष्ट तर तिथून सुरू होते.

जळगाव घ्या. 2018 साली 75 जागांपैकी भाजप 57, शिवसेना 15, एमआयएम 3. इतका एकतर्फी तक्ता क्वचितच बघायला मिळतो. मार्च 2021 मध्ये तिथे नवा महापौर निवडायचा होता. शिवसेनेच्या जयश्री महाजन 45 विरुद्ध 30 मतांनी महापौर झाल्या. पंधराचे पंचेचाळीस झाले कसे? भाजपचे 27 नगरसेवक इकडे आले, एमआयएमचे 3 आले. बेरीज बरोबर जुळते. या बदलासाठी एकाही मतदाराच्या बोटाला शाई लागलेली नव्हती. (हशा)

त्याच्या जेमतेम महिनाभर आधी सांगलीत हेच. 78 पैकी भाजप 41, म्हणजे स्पष्ट बहुमत. तक्त्यात राष्ट्रवादीपुढे 15 लिहिलेले. फेब्रुवारी 2021 मध्ये महापौर झाले राष्ट्रवादीचे दिग्विजय सूर्यवंशी.

आणि अहमदनगरला तर अडीच वर्षं थांबावंसुद्धा लागलं नाही. डिसेंबर 2018: शिवसेना 24, राष्ट्रवादी 18, भाजप 14. त्याच महिन्यात महापौर झाला भाजपचा, तिसऱ्या क्रमांकाच्या पक्षाचा, तोही राष्ट्रवादीच्या नगरसेवकांच्या पाठिंब्यावर. पक्षाने नंतर त्यांच्यावर कारवाई केली, पण महापौर व्हायचा तो होऊन गेला होता. इथे कुणी पक्ष बदलला नाही, तक्त्यातला एकही आकडा हलला नाही, तरी तक्ता खोटा ठरला!

आता 'नगरसेवक विकले जातात' असं म्हणून उठायचं का? तेवढ्याने माझं समाधान होत नाही. तारखा बघा. जळगाव आणि सांगली, दोन्हीकडे निवडणूक 2018 ची, राज्यात भाजपचं सरकार असतानाची. नोव्हेंबर 2019 मध्ये मंत्रालयात सरकार बदललं. महापौराची मुदत अडीच वर्षांची, म्हणून पुढची निवड 2021 च्या सुरुवातीला. तोवर नगरसेवकाला कळून चुकलेलं असतं की आपल्या प्रभागातल्या गटारीचा निधी कुठून येणार. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी गेला, 2017 मध्ये जीएसटी आला. शहराच्या हातात घरपट्टी-पाणीपट्टी उरली, बाकी राज्याकडून येणाऱ्या भरपाईची वाट बघायची. मोठी कामं राज्याच्या नगरोत्थानसारख्या योजनांतून. ज्याची तिजोरी दुसऱ्याकडे, तो तिजोरीकडेच बघणार ना? यात लोभ नसतो असं मी म्हणत नाही. पण लोभाला वाट कुठून मिळते, ते या तक्त्यात कधीच दिसत नाही.

कायदा आहे. स्थानिक प्राधिकरण सदस्यांच्या अनर्हतेचा, 1986 चा. पण त्यात दोन-तृतीयांश सदस्यांनी विलीन व्हायची सोय आहे. मुंबईत 2017 साली मनसेचे 7 नगरसेवक निवडून आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांतले 6 शिवसेनेत गेले. सातातल्या सहांना दोन-तृतीयांश अवघड नसतं. लहान पक्षाला फोडणं म्हणूनच सोपं, आणि हे कायद्यानेच सोपं केलेलं.

प्रभागपद्धतीबद्दल एवढंच सांगतो की एका प्रभागात चार नगरसेवक असले की 'आमचा कोण गेला?' हेच लोकांना सांगता येत नाही. चारही नावं तुम्ही पाठ म्हणून दाखवा, मग बोलू.

श्रोत्यांतून एकांनी विचारलंय, 'मग तक्ता छापायचाच नाही का?' छापा की. पण अडीच वर्षांनी, महापौराच्या दुसऱ्या निवडीच्या दिवशी पुन्हा एकदा छापा, आणि पक्षाच्या आकड्यांऐवजी नावं द्या. प्रभाग, नाव, कुठल्या चिन्हावर निवडून आले, महापौरासाठी हात कुणासाठी वर केला. ही माहिती काही गुपित नाही. मतदान उघड असतं, सभेच्या इतिवृत्तात त्याची नोंद होते आणि ते इतिवृत्त नगरसचिवांच्या कार्यालयात असतं. तुमच्या प्रभागापुरता एवढा कागद काढायला एक अर्ज आणि दोन हेलपाटे लागतील. तीन म्हणा.